मोरपंखी शालीचा शेवाळी फोटो

खरंतरने त्या सकाळी फार काही केलं नव्हतं. बायको आपल्या फोनवर शालीचा फोटो काढायला निघाली होती, तेव्हा त्यानं तिच्या हातातला फोन अलगद काढून घेतला आणि म्हणाला, "थांब, मी नीट काढून देतो." बस्स, एवढंच. (ज्या घरात नवरा 'नीट' हा शब्द असा ठासून उच्चारतो, त्या घरातल्या बाकीच्यांनी लगेच काचेची भांडी वरच्या फळीवर हलवावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण माझं मत विचारतंय कोण.)

खरंतर हे काही त्याचं कागदोपत्री नाव नव्हे. तो प्रत्येक वाक्य 'खरं तर' असं सुरू करायचा, म्हणून कचेरीतल्या लोकांनी ते त्याला चिकटवलं. ते घरापर्यंत कसं पोचलं कुणास ठाऊक, पण आता बायकोही त्याच नावानं हाक मारायची. फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका छोट्या संस्थेत तो काम करायचा. पगार बेताचा, पण तळमळ अफाट. कोणी पांढरा म्हणून पिवळट पंखा विकला, कोणी जाहिरातीत सोफा दाखवून घरी बाक पाठवला, की खरंतर दुकानदाराला असं पत्र लिहायचा की वाचणाऱ्याला आपण पंखा नाही, देश विकला असं वाटावं. कचेरीतल्या टेबलामागच्या भिंतीवर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवून ठेवलं होतं : 'जे दाखवलं तेच द्या.' अक्षरं जरा उजवीकडे घसरली होती, पण तत्त्व सरळ होतं.

त्याची बायको पूर्वी बँकेच्या काउंटरवर होती. गेल्या वर्षी तिनं नोकरी सोडली आणि मधल्या खोलीत माग मांडला. मागासाठी जेवणाचं टेबल भिंतीला टेकवावं लागलं, त्यामुळे घरातल्या तिघांपैकी एकाला भिंतीकडे तोंड करून जेवावं लागे. घरात तिघं म्हणजे नवरा, बायको आणि बायकोची आई. भिंतीची जागा कुणाची, हा निर्णय सासूबाईंनी पहिल्याच दिवशी घेतला होता. "जावईबापू विचारवंत माणूस," त्या म्हणाल्या होत्या, "त्यांना समोर माणसं नसलेलीच बरी."

बायको लोकर स्वतः रंगवायची, स्वतः विणायची. त्या हिवाळ्यासाठी तिनं सहा शाली विणल्या होत्या, सगळ्या एकाच मोरपंखी रंगाच्या. हिरव्यात निळा आणि निळ्यात हिरवा असा तो रंग होता, आणि शाल हलली की तोही हलायचा. शहरातल्या मोठ्या रस्त्यावर एका बाईंचं दुकान होतं. दुकानाला भलीमोठी काच, आणि काचेत जे मांडलं जाईल ते बघायला घाईतली माणसंही थांबायची. घरात त्यांना सगळे काचवाल्या बाई म्हणत. त्यांनी निरोप पाठवला होता : एक फोटो पाठवा, आवडला तर हिवाळाभर तुमच्याच शाली लावीन. आणि नाही आवडला तर? बँकेतल्या साहेबांनी बायकोची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती. "नाही जमलं तर जाईन परत काउंटरला, रडत बसणार नाही," असं ती हसत म्हणाली होती. पण तेव्हापासून मागाचा आवाज अंधार पडेपर्यंत थांबत नव्हता.

तर फोटो. खरंतरने कचेरीतला कॅमेरा आणला. या कॅमेऱ्यानं आजवर तडे गेलेल्या बादल्या आणि तीन पायांच्या खुर्च्या सोडून काही पाहिलं नव्हतं. शाल खिडकीत टांगली. मग तो कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शिरला. तिथे रंगांसाठी दोन पर्याय होते, एक नेहमीचा आणि एक जास्त रंग मावणारा. (आदर्शवादी माणसाला असे दोन पर्याय दिले, की तो नेहमीचा कधीच घेत नाही. जगातले निम्मे घोळ इथूनच सुरू होतात.) त्यानं मोठा घेतला. कॉम्प्युटरवर, ज्या प्रोग्रॅममध्ये तो फोटो सारखे करायचा, त्यात उघडून पाहिलं. रंग हुबेहूब. शाल हातात धरून पडद्याशेजारी नेली. तंतोतंत. "बघ," तो बायकोला म्हणाला, "याला म्हणतात प्रामाणिक फोटो." आणि पाठवून दिला.

संध्याकाळी काचवाल्या बाईंचा फोन आला. बाई भारावून गेल्या होत्या. काय तो रंग, म्हणाल्या. असा शांत, दमलेला, जुन्या दगडावरच्या शेवाळासारखा हिरवा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्या रंगाभोवती त्यांनी अख्खी काच मनात सजवूनही टाकली होती. शनिवारी त्या स्वतः येऊन शाली नेणार होत्या.

फोन ठेवून बायकोनं शालीकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "शेवाळ कुठलं रे?"

खरंतरने तोच फोटो, त्याच कॉम्प्युटरवर, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला. चित्रावर दोनदा टिचकी मारली की आपोआप उघडतो तो साधा प्रोग्रॅम. आणि पडद्यावर शेवाळ आलं. फिकट, करडं, दमलेलं, अगदी बाई म्हणाल्या तसं. त्याला वाटलं फोटो बिघडला. परत पहिल्या प्रोग्रॅममध्ये उघडला, मोरपंखी. तिसऱ्यात उघडला, मोरपंखी आणि शेवाळ यांच्या मधलंच काहीतरी. दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकच फोटो, एकच पडदा, एकच माणूस बघणारा, आणि शाली दोन.

"ही फसवणूक आहे," तो म्हणाला.

"मी बाईंना सांगते फोटोत रंग चुकला म्हणून," बायको म्हणाली. तिनं फोन उचललाही होता.

पण ते इतकं सरळ कसं चालेल? फोटो चुकलेला नाही, प्रोग्रॅम चुकलाय, असं खरंतरचं म्हणणं. आणि चूक कुणाची हे ठरल्याशिवाय माफी मागणं म्हणजे अन्यायाला साथ देणं. हे काम आपलं आहे, असे फोन आपण रोज करतो, असं म्हणून त्यानं फोन स्वतःकडे घेतला. पुढचा बराच वेळ तो खोलीत येरझाऱ्या घालत काचवाल्या बाईंना समजावत होता. माग, टेबल, दार, परत माग. त्यानं त्यांना सांगितलं की तुम्ही जे पाहिलंत ते खरं नाही. तुमचा कॉम्प्युटर तुम्हाला अर्धसत्य दाखवतोय आणि तुम्ही वर्षानुवर्षं ते निमूट सहन करताय. बाईंना यातलं एवढंच कळलं, की हा माणूस आपल्या कॉम्प्युटरला आणि बहुधा डोळ्यांना नावं ठेवतोय. त्यांचा आवाज गार पडला. "मी जे पाहिलं ते पाहिलं," त्या म्हणाल्या. "ती शाल असेल तर घेईन. नसेल तर राहू दे. शनिवारी ठरवू."

सासूबाई भाजी निवडत सगळं ऐकत होत्या. "फोन लावला तेव्हा बाई खूश होत्या ना?" त्यांनी लेकीला विचारलं. "मग आमच्या जावईबापूंनी पुष्कळ वेळ घेतला म्हणायचा."

बायको हसली नाही. त्यामुळे खरंतर आणखीच अस्वस्थ झाला.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत न जाता थेट मेहुणीकडे गेला. मेहुणी एका छापखान्यात पुस्तकांची मुखपृष्ठं छपाईसाठी तयार करायची. रंगांशी तिचा रोजचा संबंध, आणि त्याबद्दल बढाई मारायला ती कधीच लाजली नाही. खरंतरने हकीकत सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात पोचेपर्यंत तिनं ओळखलं.

"जिजाजी, कॅमेऱ्यात मोठा पर्याय घेतलात ना?"

मोठा म्हणजे चांगला असं वाटलं, असं तो पुटपुटला.

मग तिनं डबा खाता खाता त्याची शिकवणी घेतली. फोटोत रंग नसतात, आकडे असतात, ती म्हणाली. ते आकडे कुठल्या मापानं वाचायचे, हे सांगणारी एक खूणचिठ्ठी फोटोला आतून जोडलेली असते. काही प्रोग्रॅम ती चिठ्ठी वाचतात, काही वाचतच नाहीत आणि सरळ नेहमीचं माप धरून चालतात. मीटरमध्ये लिहून दिलेलं माप शिंप्यानं फुटात धरलं तर सदरा जेवढा व्हायचा तेवढाच होणार. तसा तुमच्या शालीचा रंग आखडला. पाठवण्याआधी फोटो नेहमीच्या मापात बदलून घेतला असता, तर सगळीकडे जवळपास सारखा दिसला असता. शिवाय प्रत्येक पडद्याचा स्वतःचा स्वभाव वेगळा असतोच, तिनं वर ऐकवलं.

"म्हणजे माझ्याकडे खरं होतं आणि त्यांनी वाचलं नाही," खरंतर म्हणाला. त्याला त्यातल्या त्यात धीर आला.

"म्हणजे तुम्ही सगळ्यांना न कळणाऱ्या भाषेत खरं बोललात," मेहुणी म्हणाली. "तुमची जुनी सवय आहे. आता घरी जा, ताईला शाली दाखवू दे, आणि तुम्ही शनिवारी कुठेतरी बाहेर जा."

सल्ला सोन्यासारखा होता. कुठल्याही शहाण्या माणसानं तो घेतला असता. पण घरी जाताना खरंतरच्या डोक्यात भलतंच घोळत होतं. रोज आपण लोकांना सांगतो, जे दाखवलं तेच द्या. दुकानदार म्हणतात, साहेब, फोटोत रंग थोडा वेगळा येतो. आपण त्यांना कसे धारेवर धरतो. सोफा तपकिरी दाखवलात, तपकिरीच द्या, तुमच्या अडचणी गिऱ्हाइकाला सांगू नका. आणि आज आपल्याच घरातून एका गिऱ्हाइकाला शेवाळ दाखवलं गेलंय आणि मोरपंखी द्यायचं चाललंय. भिंतीवरची ती घसरलेली अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर नाचायला लागली. स्वतःच्या बायकोविरुद्ध पत्र लिहायची वेळ आली असती, तर त्यानं ते लिहिलं असतं, आणि चांगलं लिहिलं असतं.

आणि मग, घराच्या जिन्यात, त्याला ते सुचलं. पडदा शालीसारखा होत नसेल, तर शाल पडद्यासारखी करायची.

(इथे मी थोडा थांबतो. जग जसं आहे तसं न स्वीकारता ते बदलायला निघालेल्या लोकांबद्दल मला अपार आदर आहे. फक्त त्यांनी सुरुवात बायकोच्या शालीपासून करू नये.)

शुक्रवारी बायको लोकर आणायला गावाबाहेरच्या गिरणीत गेली. तिला यायला संध्याकाळ होणार होती. ती कोपऱ्यावरून वळल्याबरोबर खरंतरने फळीवरून तिचं रंगाचं पातेलं काढलं, व्हिनेगरची बाटली काढली, रंगाच्या पुड्या काढल्या. हातमोजे सापडले, पण एकाचा अंगठा फाटका होता, म्हणून त्यानं दोन्ही ठेवून दिले. सहांतली एकच शाल घ्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. नमुना म्हणून. सगळ्यात वरची, घडी सगळ्यात व्यवस्थित असलेली त्यानं उचलली. कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर ठेवला, चिठ्ठी न वाचणारा तो प्रोग्रॅम उघडला, आणि पडदाभर शेवाळ पसरलं.

सासूबाईंना दुपारच्या स्वयंपाकाला गॅस हवा होता. त्यांना त्यानं अगदी थोडा वेळ मागितला. त्या खुर्ची ओढून दारात बसल्या, कारण असलं काही रोज बघायला मिळत नाही.

मोरपंखीचा शेवाळी करायचा म्हणजे त्यात पिवळा आणि थोडा तपकिरी मिसळायचा, एवढं त्यानं बायकोला करताना पाहिलं होतं. किती, हे पाहिलं नव्हतं. त्यानं पिवळा टाकला. ढवळलं, शाल उचलली, निथळत पडद्यासमोर नेली. कमी. आणखी टाकला. पातेल्यापासून दारापर्यंत हिरव्या थेंबांची ओळ उमटली. पडदा मध्येच काळा व्हायचा, मग तो कोपरानं जागा करायचा, आणि मग कळफलकही हिरवा व्हायचा. आता जास्त झाला. तपकिरी टाकला. रंग लवकर धरावा म्हणून गॅस मोठा केला आणि पाणी खदखदायला लागलं. तो चमचा सोडून हातानंच ढवळायला लागला, म्हणजे गॅस बंद करून, हात भाजवून, परत गॅस लावून. जिवाला चैन म्हणून नव्हती.

"लोकर उकळत नाहीत ना हो," सासूबाई म्हणाल्या. "माझी लेक पाणी नुसतं गरम ठेवते, खदखदू देत नाही."

खरं तर उष्णतेनं रंग खोल जातो, असं त्यानं त्यांना सांगितलं.

दुपार सरली. कुठल्याशा एका क्षणी, तो आजही शपथेवर सांगतो, शाल आणि पडदा अगदी जवळ आले होते. थोडाच फरक होता, केसभर. तो फरक काढायला तो पुन्हा पातेल्याशी गेला. परत आला तर पडदा जास्त पिवळा दिसला. त्याला वाटलं आपले डोळे शिणले. पिवळा टाकला. परत आला, पडदा आणखी पिवळा. पुन्हा टाकला. मग तपकिरी, मग पुन्हा पिवळा. शाल पळत होती आणि पडदा तिच्यापुढे पळत होता. खरंतर दोघांच्या मागे पळत होता.

शेवटी सासूबाईंनीच विचारलं. "जावईबापू, तो पडदा ऊन उतरलं की पिवळा पडतो ना? माझी लेक म्हणत होती, डोळ्यांना त्रास नको म्हणून तिनंच तसं लावून ठेवलंय."

खरंतर तसाच उभा राहिला, हातातून पाणी गळत. दिवस मावळायला लागला होता, आणि त्या अतिशहाण्या कॉम्प्युटरनं ठरल्या वेळेला हळूहळू सगळा पडदा उबदार करायला घेतला होता. गेला तासभर तो शाल रंगवत नव्हता, सूर्यास्त रंगवत होता.

त्यानं शाल पातेल्यातून काढली. रंग भिजलेल्या पोत्याचा होता. पण रंग ही आता लहान गोष्ट होती. उकळून आणि घुसळून लोकर आटली होती. खांद्यावरून गुडघ्यापर्यंत येणारी शाल आता एका उशीवर बसली असती, आणि ती उभीही राहू शकत होती.

बायको आली ती लोकरीचं गाठोडं घेऊन. तिनं स्वयंपाकघर पाहिलं, स्टुलावरचा हिरवा कॉम्प्युटर पाहिला, ओट्यावर उभी असलेली शाल पाहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. खरंतर ओरडण्याची तयारी करूनच उभा होता. उत्तरंही तयार होती, तत्त्वासकट. पण तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि तो कडक तुकडा दोन्ही हातांत घेऊन त्याची एक कड बोटानं उलगडून पाहिली. उलगडली नाही.

"ही पहिली होती," ती म्हणाली. "हिच्यावरून बाकीच्या पाच केल्या. त्या विकल्या जातील. मग रंग विसरले तर बघायला ही नाही."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"तुझ्या संस्थेत घरच्यांविरुद्ध तक्रार घेतात का रे?" तिनं विचारलं, आणि आत गेली. त्या संध्याकाळी मागाचा आवाज आलाच नाही. खरंतर भिंतीकडे तोंड करून जेवला, आणि पहिल्यांदाच त्याला ती जागा योग्य वाटली. जेवताना सासूबाईंनी गरम पातेलं टेबलावर ठेवलं तेव्हा त्याच्याखाली तो लोकरीचा तुकडा सरकवला. "काही म्हणा, आच लागत नाही टेबलाला," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी खरंतरने हात घासले. साबणानं, मग लिंबानं, मग भांडी घासायच्या काथ्यानं. कोपरापासून बोटांपर्यंत चढलेला रंग थोडा फिका झाला, पण हलला नाही. बाई यायच्या आधी तुम्ही बाहेर जा, असं मेहुणीनं फोन करून बजावलं होतं. तो जाणारही होता. पण ज्या दिवशी बायकोचा निकाल लागणार, त्या दिवशी पळून जाणं त्याच्या तत्त्वात बसेना. शिवाय बुटांचे बंद हिरव्या बोटांनी बांधताना त्याला दरवाज्याची घंटा ऐकू आली.

काचवाल्या बाई ठेंगण्या, टापटीप आणि ताठ होत्या. काखेत त्यांनी आपला कॉम्प्युटर आणला होता, पुरावा म्हणून. तो त्यांनी मागाशेजारी उघडला, आणि शेवाळ पुन्हा एकदा खोलीत आलं. बायकोनं पाचही शाली समोर ठेवल्या आणि सरळ सांगितलं, फोटो काढताना आमची चूक झाली, मी विणते ती शाल ही. खरंतर दाराच्या आड उभा होता. 'आमची' हा शब्द त्यानं ऐकला, आणि त्याला जमिनीत शिरावंसं वाटलं.

बाईंनी शाल हातात घेतली, अंगावर घेतली, खिडकीपाशी नेली. काम फार सुंदर आहे, म्हणाल्या. रंगही देखणा आहे. पण मी काच त्या दुसऱ्या रंगाभोवती योजली होती. हा काचेत ओरडेल, तो बोलावून घेतो. मग त्यांनी शालीची घडी घातली, आणि ज्या काळजीनं घातली त्यावरून बायकोला कळलं की त्या ती परत ठेवताहेत. बायकोनं मान हलवली. "चालेल," ती म्हणाली. चेहरा अगदी काउंटरवरचा होता.

ते खरंतरला सहन झालं नाही. तो दारामागून बाहेर आला आणि दोन्ही हात पुढे करून बोलायला लागला. दोष सगळा माझा, बाई, हिनं तर फोनवरच फोटो काढला असता, कॅमेरा माझा, पर्याय माझा, तुमच्याशी फोनवर वाद घातला तोही मीच —

पुढचं वाक्य राहून गेलं. काचवाल्या बाईंनी त्याचं मनगट पकडलं होतं. त्यांनी त्याला तसाच ओढत खिडकीपाशी नेलं, हात उलटा केला, सुलटा केला, मग पडद्याजवळ आणून धरला. पडद्यावरचं शेवाळ आणि हातावरचं शेवाळ. जुन्या दगडावरचं, शांत, दमलेलं.

"हा," त्या म्हणाल्या. "हा रंग."

बायको पुढे आली. तिनं नवऱ्याच्या हाताकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. म्हणजे हाताकडेच. नवऱ्याकडे नव्हे.

"हा मी देते," ती शांतपणे म्हणाली. "पण नवीन विणून. वेळ लागेल. आणि या पाच शाली तुम्ही आत्ता न्याल."

काचवाल्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं, शालींकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. मोरपंखी दुकानात आत मांडीन, म्हणाल्या, काच या रंगासाठी रिकामी ठेवते. पाचही शाली घेऊन त्या गेल्या. जाताना दारात खरंतरला म्हणाल्या, जपा स्वतःला. बायकोनं त्याच दिवशी बँकेतल्या साहेबांना कळवून टाकलं, की जागा धरून ठेवू नका.

आता प्रश्न एकच होता. हा रंग झाला कसा? बायकोनं कागद-पेन्सिल घेऊन नवऱ्याची उलटतपासणी केली. पिवळा किती? बराच. तपकिरी? बेतानं. आधी काय, नंतर काय? तसं आलटूनपालटून. पाणी किती होतं? पातेल्यात मावेल तेवढं. शेवटी तिनं पेन्सिल ठेवली. लोकरीवर पोत्याचा झालेला रंग कातडीवर शेवाळाचा कसा झाला, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पृथ्वीतलावर त्या रंगाचा एकच नमुना उरला होता, आणि तो जेवायला बसायचा.

त्याला हात धुवायला मनाई झाली. आंघोळीला सासूबाईंनी दोन प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबर दिले. कचेरीत तो भर दुपारी लांब बाह्यांचा सदरा घालून बसला. पांढरा म्हणून पिवळट पंखा मिळालेल्या एका गृहस्थांनी आपली तक्रार सांगता सांगता त्याच्या बोटांकडे पाहिलं, आणि तक्रार मागे घेऊन निघून गेले. घरी बायको दर थोड्या वेळानं त्याला उठवून खिडकीपाशी न्यायची, मनगट धरून नव्यानं रंगवलेल्या लोकरीच्या लडी शेजारी लावून बघायची, आणि मान हलवून सोडून द्यायची. तो काही बोलायला लागला, की म्हणायची, हलू नकोस.

आणि हात फिका व्हायला लागला. जपूनही रोज थोडा थोडा. शेवटी बायकोनं ठरवलं, की आता तिच्या रंगवाल्यालाच विचारायचं, कुठल्या पुड्या मिसळल्या की हे होतं. तो दूर राहायचा, म्हणून फोटो पाठवायचा होता. खरंतर कॅमेऱ्याकडे वळायच्या आत तिनं फोन काढला, त्याचा हात खिडकीत धरला, टिचकी मारली आणि पाठवून दिला. नीट वगैरे काही नाही. खाली लिहिलं : असाच रंग हवाय, लवकर कळवा.

रंगवाल्याचा फोन लगेच आला. म्हातारा घाबरला होता. त्याच्याकडे तो हात जांभळा-निळा दिसत होता, आणि नखं काळी.

"बाई, रंगाचं आपण मग बघू," तो म्हणाला. "आधी यांना दवाखान्यात हलवा. कधीपासून आहे हे असं?"

खरंतरने मागून फोनवर ओणवा होऊन सांगायला सुरुवात केली, की काका, तुम्ही जे बघताय तो दोष तुमच्या प्रोग्रॅमचा आहे, फोटोच्या आत एक खूणचिठ्ठी असते, ती तुमच्याकडे वाचलीच जात नाही, आकडे बरोबर आहेत, फक्त माप —

पलीकडे रंगवाला लक्षपूर्वक ऐकत होता.

"विष डोक्यात चढलंय वाटतं," तो हलक्या आवाजात बायकोला म्हणाला. "पण बोलतायत ना अजून? मग वेळ गेलेली नाही."